विक्री, वसुली आणि प्रॉम्प्ट

लघुउद्योगात मोडणाऱ्या एका पंपाच्या कारखान्यात मी विक्रीची बॅक ऑफिसची बाजू सांभाळते. एन्क्वायरी नोंदवायची, कोटेशन पाठवायचं, फिरतीवरच्या इंजिनिअरांकडून व्हिजिट रिपोर्ट मिळवायचे, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आली की डिस्पॅचच्या मागे लागायचं आणि बिल गेल्यावर पेमेंट येईपर्यंत अकाउंट्सच्या जोडीनं पाठपुरावा करायचा, असं माझं काम. आमची गिऱ्हाइकं म्हणजे प्रामुख्यानं कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातले साखर कारखाने. शिवाय काही डेअऱ्या आणि केमिकल कंपन्या.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. पुढे बघता बघता आमच्या विक्री विभागातला जो तो आपल्या फोनवर, आपल्या पद्धतीनं एआय वापरू लागला. कुणी मेल लिहून घेई, कुणी एक्सेलचा फॉर्म्युला विचारी. या सगळ्याला एक शिस्त लावायचं काम माझ्याकडे आलं. ते करताना माझं एक मत पक्कं झालं. एआयला सांगण्याजोगं जे असतं, ते गिऱ्हाइकासमोर बसून आलेल्या माणसाकडे असतं. ते त्याच्याकडून नीट काढून घेतलं, की प्रॉम्प्ट लिहायला फारसं कौशल्य लागत नाही. ते काढून घेतलं नाही, तर कितीही चतुराईनं लिहिलेला प्रॉम्प्ट पोकळच राहतो.

१. आधी इंजिनिअरला विचारा, मग एआयला

आमच्याकडे सुरुवातीला चालणारा प्रॉम्प्ट असा असे : ‘साखर कारखान्याला पंपाच्या कोटेशनसोबत पाठवायला प्रभावी ईमेल लिही.’ त्यावर सुबक, गुळगुळीत पत्र येई. उत्कृष्ट दर्जा, तत्पर सेवा, दीर्घकालीन संबंध. ते पत्र कुणीही कुणालाही पाठवावं असं असे, त्यामुळे ते कुणी वाचतही नसे.

मग त्या भागाच्या इंजिनिअरला समोर बसवून विचारायला लागले. पंप कशासाठी हवा आहे? सध्याच्या पंपाची तक्रार काय? तुम्ही भेटलात कुणाला, आणि सही कुणाची लागणार? माल कधीपर्यंत हवा? सहकारी साखर कारखान्यात चीफ इंजिनिअर तांत्रिक बाजू बघतात, खरेदी समिती रेट बघते, आणि मोठी खरेदी संचालक मंडळापुढे जाते. तिघांना एकच पत्र लागू पडत नाही. वेळेचं गणितही वेगळं. महाराष्ट्रात गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि ऊस असेल त्याप्रमाणे मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मशिनरीची दुरुस्ती-देखभाल होते ती मधल्या काळात. बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरली, की त्याआधी माल स्टोअरला पोचलाच पाहिजे. ही तारीख माहीत नसलेलं एआय डिसेंबरात ‘नवीन पंप बसवून बघा’ असं खुशाल लिहून देतं. ऐन हंगामात चालू पंपाला हात लावायला कोण तयार होणार?

त्या बसण्यातून तयार झालेला एक प्रॉम्प्ट जवळजवळ जसाच्या तसा देते :

‘पंप बनवणाऱ्या कंपनीच्या सेल्स इंजिनिअरच्या वतीनं पत्र लिही. वाचणारे सहकारी साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर आहेत. त्यांना पंप म्हणजे काय हे समजावू नकोस. गेल्या हंगामात पाकाच्या पंपाचं ग्लँड पॅकिंग वारंवार बदलावं लागलं, असं त्यांनी भेटीत सांगितलं. आम्ही मेकॅनिकल सील आणि त्यासाठी गरम पाण्याच्या फ्लशिंगची सोय असलेला पंप देऊ करतो आहोत. माल अग्निप्रदीपनाआधी पोचवायचा आहे. मराठीत, दीडशे शब्दांच्या आत. पहिल्या वाक्यात त्यांची अडचण, मग आमचा उपाय, शेवटी साइटवर येऊन मापं घेण्यासाठी दोन दिवस सुचव. रेट, डिस्काउंट, वॉरंटी यांबद्दल काहीही लिहू नकोस. इथे दिलेल्या माहितीबाहेरचं काही घालू नकोस.’

यात प्रॉम्प्टची म्हणून खास अशी युक्ती नाही. नवीन लागलेल्या मुलाला पत्र लिहायला सांगताना जे सांगावं लागेल, तेच आहे. पण पाकाचा पंप आणि ग्लँड पॅकिंग हे शब्द इंजिनिअरकडून आले, आणि पत्राला जीव आला तो त्यांमुळे.

२. सूचनांपेक्षा नमुना जास्त शिकवतो

ओपनएआयच्या संशोधकांनी २०२० साली जीपीटी-३ वरच्या निबंधात दाखवलं होतं, की कामाचे थोडे नमुने प्रॉम्प्टमध्येच दिले की मॉडेल ते काम पुष्कळ बऱ्या रीतीनं करतं. आमच्या कामात याचा रोज प्रत्यय येतो. ‘आदरपूर्वक पण लाचार न होता लिही’ असं दहा प्रकारे सांगून जे साधत नाही, ते एका जुन्या पत्रानं साधतं.

आमचे एक मॅनेजर निवृत्त झाले, त्यांच्या फायलीत हातानं मसुदा केलेली पत्रं होती. छोटी वाक्यं, मुद्द्याला धरून, ‘मा. कार्यकारी संचालक’ पासून ‘कळावे’ पर्यंत सगळं जागच्या जागी. त्यांची परवानगी घेऊन, गिऱ्हाइकांची नावं काढून टाकून, त्यातली काही मी नमुने म्हणून वापरते. ज्या ऑफिसात अशी जुनी फाइल आहे, त्यांनी ती रद्दीत घालू नये.

३. न बोललेलं रिकामं ठेवायला सांगा

एआयचा विक्रीला सर्वांत मोठा उपयोग कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी पत्रं म्हणणार नाही, व्हिजिट रिपोर्ट म्हणेन. दिवसभर गाडी चालवून, तीन ठिकाणी भेटी देऊन आलेला माणूस रात्री लॉजवर फॉर्म भरायला बसत नाही, आणि त्यानं बसावं अशी अपेक्षाही बरोबर नाही. शनिवारी आठवून आठवून भरलेल्या रिपोर्टात मग ‘चर्चा झाली, प्रतिसाद चांगला’ एवढंच उरतं.

आता आमचे इंजिनिअर कारखान्याच्या गेटबाहेर पडल्या पडल्या गाडीत बसून व्हॉइस नोट पाठवतात. ती साधारण अशी असते : ‘मॅडम, आत्ता चीफ साहेबांना भेटून निघालो. पाकाच्या पंपाचं म्हणत होते, सील घालू या पण आधी एकच घेऊ, चाललं तर बाकीचे. स्टोअरवाले म्हणाले मागच्या बिलाचं टेस्ट सर्टिफिकेट मिळालं नाही. आणि हां, दुसऱ्या कंपनीचा माणूस बाहेर बसला होता, कोण ते कळलं नाही.’

बोललेलं लिहून काढायचं आणि ठरलेल्या रकान्यांत बसवायचं, हे एआय चांगलं करतं. धोका असतो तो रिकाम्या रकान्यांत. ‘ऑर्डरची शक्यता’ असा रकाना दिला की ते तिथे ‘उच्च’ लिहून मोकळं होतं. ‘बजेट’ असा दिला की ‘उपलब्ध असल्याचे दिसते’. इंजिनिअर तसं बोललेलाच नसतो. म्हणून आमच्या प्रॉम्प्टमध्ये तीन ओळी कायमच्या आहेत. बोलण्यात नसेल तो रकाना रिकामा ठेव आणि समोर ‘विचारायचे’ असं लिही. गिऱ्हाइकाचं वाक्य शक्यतो त्याच्याच शब्दांत ठेव. ‘सकारात्मक’, ‘उत्सुक’, ‘समाधानी’ अशी विशेषणं वापरू नकोस.

यातून नकळत एक चांगली गोष्ट झाली. ‘विचारायचे’ची यादी हाच पुढच्या भेटीचा अजेंडा झाला. वरच्या व्हॉइस नोटमधून आलेल्या यादीत होतं : पहिल्या पंपाची पीओ कधी? सील किती दिवस चाललं म्हणजे ‘चाललं’ म्हणायचं? प्रतिस्पर्धी कोण? आणि टेस्ट सर्टिफिकेट त्याच संध्याकाळी मेल झालं. नाहीतर त्या एका कागदापायी बिल अडकून पडलं असतं, आणि महिनाअखेरीला आम्ही गिऱ्हाईक पैसे देत नाही म्हणून बसलो असतो.

४. आकडा एआयकडून घ्यायचा नाही

भाषेचं मॉडेल पुढचा शब्द कोणता यावा याच्या अंदाजावर चालतं. त्यामुळे बेरीज-गुणाकाराचं उत्तर दिसायला अचूक आणि प्रत्यक्षात चुकीचं येऊ शकतं. आमच्याकडे नियम आहे : रेट, डिस्काउंट, जीएसटी, हेड, फ्लो, मोटरचा एचपी आणि मटेरियल ग्रेड हे सगळं आमच्या शीटमधून येईल. एआयकडे फॉर्म्युला मागा, उत्तर मागू नका. फॉर्म्युला एक्सेलमध्ये घालून तपासता येतो.

एका मसुद्यात सीएफ८ च्या जागी सीएफ८एम आलं होतं. वाचताना नजरेतून सहज निसटावं असं ते एकच अक्षर. पण सीएफ८एममध्ये मॉलिब्डेनम असतं आणि तो ग्रेड महाग पडतो. ते कोटेशन तसंच गेलं असतं आणि त्यावर पीओ आली असती, तर फरक आम्हालाच सोसावा लागला असता. कोटेशनवर सही करणाऱ्यानं ग्रेड आणि रेट मूळ शीटशी बोट ठेवून ताडून बघायचे, हा आमचा रिवाज त्या दिवशी कामी आला.

यंत्रानं दिलेलं आश्वासन कंपनीचंच धरलं जातं, याचा एक निकालही आहे. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला सांगितलं, की घरातल्या मृत्यूच्या कारणानं मिळणारी भाड्यातली सवलत प्रवासानंतरही मागता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. चॅटबॉट त्याच्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, असाही युक्तिवाद कंपनीनं केला. ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उत्तर देणारा बॉट बसवावा, असा विषय निघाला तेव्हा मी हा निकाल मीटिंगमध्ये वाचून दाखवला. बॉट अजून बसलेला नाही, आणि रेट व डिलिव्हरीबाबत तो कधीच बसू नये असं माझं मत आहे.

५. वसुलीचं पत्र लिहिण्याआधी पैसे का अडले ते शोधा

महसूल म्हणजे बँकेत आलेला पैसा. ऑर्डर फायनल झाली की टाळ्या वाजतात, पण पगार होतात ते पेमेंटवर. म्हणून या मुद्द्यावर जरा जास्त लिहिते.

‘थकबाकीसाठी कडक स्मरणपत्र लिही’ हा प्रॉम्प्ट मला सर्वांत घातक वाटतो. एआय कडक लिहितं, आणि वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक दुखावतं. आमच्या अनुभवात पैसे अडण्याचं कारण बरेचदा कागदात असतं. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झालेली नसते. पीओमध्ये एक रेट आणि बिलात दुसरा, कारण अमेंडमेंट कुणी पाठवलेलंच नसतं. किंवा एखादा व्हॉल्व्ह रिजेक्ट होऊन डेबिट नोट निघालेली असते आणि ती आमच्या स्टोअरच्या टेबलावर पडून असते. म्हणून येणं बाकीच्या एजिंग रिपोर्टमध्ये आम्ही ‘कारण’ असा रकाना घातला. तो फोन करून, माणसाशी बोलूनच भरायचा. तो भरल्याशिवाय त्या बिलासाठी प्रॉम्प्ट चालवायचा नाही. कारण कागदाचं असेल तर पत्रासोबत तो कागद जातो आणि तगाद्याची गरजच पडत नाही.

दुसरं कारण असतं खरंच पैसा नसल्याचं. साखर कारखान्याकडे पैसा कसा येतो-जातो हे समजून घेतलं की पत्राची वेळ कळते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) द्यावी लागते; उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. साखर मात्र हवी तेव्हा, हवी तेवढी विकता येत नाही. प्रत्येक कारखान्याचा महिन्याचा विक्रीचा कोटा केंद्र सरकार ठरवतं. म्हणजे पहिला हक्क शेतकऱ्याचा. तो तसाच असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आमच्यासारख्या पुरवठादारानं ऐन हंगामात, ऊसबिलांच्या धांदलीत धमकीवजा पत्र पाठवण्यात शहाणपण नाही. म्हणून गिऱ्हाईक साखर कारखाना असेल तर प्रॉम्प्टमध्ये मी ही पार्श्वभूमी घालते आणि एकरकमी पैशांऐवजी हप्त्यांचा प्रस्ताव लिहायला सांगते. कारखाना तारखा लिहून देतो आणि पुष्कळदा पाळतो.

आणि काही जण असे असतातच, ज्यांच्याकडे पैसा असतो पण द्यायचा नसतो. तिथे कायद्याचा आधार घ्यावा लागतो आणि नेमक्या तिथेच एआयवर नजर ठेवावी लागते. एका मसुद्यात त्यानं लिहिलं, ‘बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे.’ २००६ चा एमएसएमईडी कायदा तसं म्हणत नाही. मुदत मोजायची ती माल स्वीकारल्यापासून. लेखी करार असेल तर करारातली तारीख, पण ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल मिळाला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. मसुद्यात मात्र सरसकट ‘एमएसएमई’ होतं. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यानं १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. गिऱ्हाइकाच्या सीएला हा मुद्दा लगेच कळतो आणि मार्चमध्ये त्याचा उपयोग होतो.

आता कायद्याचा हा परिच्छेद आमच्या सीएकडून तपासून घेऊन ठेवला आहे. प्रॉम्प्टमध्ये तो जसाच्या तसा चिकटवायचा आणि ‘यातला एकही शब्द बदलू नकोस’ असं सांगायचं. एआयनं फक्त आजूबाजूची वाक्यं लिहायची.

६. ‘रेट जास्त’ हे उत्तर पुरेसं नाही

हातून गेलेल्या ऑर्डरींची कारणं एआयला दिली आणि गट पाडायला सांगितलं, तर ते जवळजवळ सगळं एका गटात टाकतं : रेट जास्त. कारण आपणच तसं लिहिलेलं असतं. मी तेव्हा प्रत्येक ऑर्डरच्या पुढे एन्क्वायरीची तारीख, कोटेशनची तारीख आणि शेवटच्या फॉलोअपची तारीख जोडली, आणि व्हिजिट रिपोर्टमधली गिऱ्हाइकाची मूळ वाक्यं दिली. मग विचारलं, की ‘रेट जास्त’ असं नोंदवलेल्या प्रकरणांत दुसरं काय समान दिसतं ते आधार दाखवून सांग.

उत्तर बोचणारं होतं. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आमचं कोटेशनच उशिरा गेलं होतं. तोवर दुसऱ्याशी बोलणी होऊन आमचा रेट फक्त तुलनेसाठी मागवला गेला होता. डिझाइन विभागाकडे अडणाऱ्या एन्क्वायऱ्या वेगळ्या काढून, उरलेल्यांची कोटेशनं त्याच दिवशी पाठवायची, असा बदल त्यातून झाला. डिस्काउंट वाढवायचा हट्ट धरणाऱ्यांचं म्हणणं मागे पडलं, याचा मला विशेष आनंद आहे. मार्जिन वाचलं.

७. टेंडर तुकड्यातुकड्यानं द्या

जाडजूड टेंडर एकदम अपलोड करून ‘सारांश दे’ म्हणू नये. लांब मजकुराच्या मध्यभागी असलेली माहिती भाषेच्या मॉडेलांकडून निसटते, हे स्टॅनफर्ड आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं. आणि उशिराचा दंड, बँक गॅरंटी, परफॉर्मन्स टेस्टच्या अटी असतात त्या मध्येच कुठेतरी. एकेक भाग द्या, एकेक प्रश्न विचारा, उत्तरासोबत कलम क्रमांक आणि मूळ वाक्य मागा. मग ते वाक्य स्वतः टेंडर उघडून बघा.

८. गिऱ्हाइकाची माहिती बाहेर जाऊ देऊ नका

सॅमसंगच्या इंजिनिअरांनी अंतर्गत सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि २०२३ च्या मे महिन्यात कंपनीनं अशा साधनांवर कर्मचाऱ्यांना बंदी घातली. एवढी मोठी कंपनी सावध झाली, तर आपण का होऊ नये? आमच्या प्रॉम्प्टमध्ये गिऱ्हाइकाला कोड असतो, माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर नसतो, रेटलिस्ट तर नसतेच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. स्टोअरवाल्यानं विश्वासानं दिलेला खासगी नंबर ही आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे. तो कुठल्याही खिडकीत चिकटवायचा नाही.

९. प्रॉम्प्टवर नाव आणि तारीख हवी

चांगले प्रॉम्प्ट एका शीटमध्ये, प्रत्येकापुढे कुणी लिहिला, कशासाठी, कधी बदलला. रेटलिस्ट किंवा कायदा बदलला की कुठला प्रॉम्प्ट दुरुस्त करायचा ते कळतं. याहून जास्त पसारा लहान कंपनीत लागत नाही.

१०. नवीन इंजिनिअरला पर्चेस मॅनेजरसमोर बसवा

नवीन मुलांना पहिल्याच भेटीत खरा पर्चेस मॅनेजर भेटला, की ती डिस्काउंट देऊन मोकळी होतात. म्हणून आम्ही एआयला ती भूमिका देतो. पण ‘कठोर पर्चेस मॅनेजर हो’ एवढ्यानं भागत नाही. तो सिनेमातल्यासारखा बोलायला लागतो. जुन्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं ऐकलेली वाक्यं मी जमवली. ‘तुमच्याच गावातला दुसरा यापेक्षा कमीत देतोय.’ ‘आधी रेट सांगा, मग पंपाचं बोलू.’ ‘मागच्या वेळी डिलिव्हरीला काय झालं होतं, आठवतंय ना?’ ‘ॲडव्हान्स आमच्याकडे बसत नाही.’ ती सगळी प्रॉम्प्टमध्ये घातली. रेट कमी केल्याशिवाय सहजासहजी मानू नकोस. पण समोरच्यानं सीलचं आयुष्य, थांबलेल्या तासांचं नुकसान किंवा स्पेअर्सची उपलब्धता याबद्दल नेमकं विचारलं तर मोकळेपणानं उत्तर दे, असंही सांगितलं.

नुकतीच रुजू झालेली एक मुलगी पहिल्या खेपेला दुसऱ्याच वाक्याला पाच टक्के सोडून आली. नंतरच्या एका खेपेला तिनं विचारलं, ‘साहेब, गेल्या हंगामात हा पंप बंद पडल्यामुळे किती तास गेले?’ आणि मग बोलणं रेटवर परत यायला बराच वेळ लागला. सराव संपला की आमचे कोल्हापूरकडचे जुने इंजिनिअर तिच्या शेजारी बसून संभाषण वाचतात आणि कुठे घाई केली, कुठे गप्प राहायला हवं होतं ते सांगतात. येत्या देखभालीच्या काळात ती त्यांच्याबरोबर सांगलीच्या फेरीला जाणार आहे, आणि तिथल्या भेटींची यादी तिनं स्वतः हातानं लिहून काढली आहे.